कर्ज फिटलं, पण घराचे कागद बँकेतच? कोल्हापूरच्या कर्जदारांनी काय करावं

घरकर्जाचा शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून तीन गोष्टी वसूल करायच्या असतात. पहिली, तारण ठेवलेले मूळ दस्त. दुसरी, सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर चढलेला बोजा (कर्जाची नोंद) उतरवण्याचं पत्र. तिसरी, सेरसाई या केंद्रीय नोंदणीत बँकेने नोंदवलेलं तारण बंद झाल्याचा पुरावा. बहुतेक जण पहिलीवर थांबतात आणि काही जणांना तीही मिळत नाही. ‘फाइल मुंबईला आहे’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘पुढच्या आठवड्यात या’ यात महिने जातात.

याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, कर्जाची पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही नोंदणीतला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. ज्यांचे कागद १ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर परत मिळायला हवे होते, त्या सर्वांना हे लागू आहे.

या नियमातला ‘बँकेमुळे’ हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण सगळा वाद तिथेच होतो. बँक म्हणणार की कर्जदार आलाच नाही, सहकर्जदाराची सही नव्हती, ओळखपत्र जुळत नव्हतं. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद असे करायचे की उशिराचा एकही दिवस तुमच्या नावावर पडू नये. तोंडी विचारपूस कितीही वेळा केली तरी तिचा पुरावा शून्य.

नियम कुणाला लागू, कुणाला नाही

राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, बिगरबँक वित्तीय कंपन्या, गृहवित्त कंपन्या आणि थकीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या, या सगळ्यांना तो लागू आहे. ‘आमची सहकारी बँक आहे, आम्हाला हे चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

पतसंस्थेचं मात्र वेगळं. पतसंस्था सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते आणि रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथे ५,००० रुपयांचा नियम दाखवून काही साधणार नाही. तिची वाट पुढे दिली आहे.

दुसरी गोम कर्जाच्या प्रकारात आहे. परिपत्रक ‘वैयक्तिक कर्जां’साठी आहे. घर बांधायला किंवा घ्यायला काढलेलं कर्ज, शैक्षणिक कर्ज, वाहन किंवा घरगुती वस्तूंसाठीचं कर्ज हे सगळं त्यात बसतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराने, गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्याने घर तारण ठेवून कॅश क्रेडिट घेतलं असेल तर ते व्यावसायिक कर्ज ठरतं, आणि दिवसाला ५,००० रुपयांची मागणी तिथे लंगडी पडते. म्हणून कागद बँकेचे होत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ६० प्रमाणे, कर्ज फिटल्यावर मिळकतीचे सगळे दस्त परत मागण्याचा हक्क गहाण ठेवणाऱ्याला आहेच. अशा अर्जात परिपत्रकाऐवजी हे कलम लिहा.

शेवटच्या हप्त्याआधी

पूर्ण फेडीच्या साधारण महिनाभर आधी बँकेकडे दोन कागद लेखी मागा.

एक, जमा दस्तांची यादी. कर्ज घेताना बँक ‘लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स’ करते आणि तिची एक प्रत कर्जदाराला मिळायला हवी. बहुतेकांकडे ती नसते. ही यादी हाती नसेल तर नंतर ‘हा कागद आमच्याकडे आलाच नव्हता’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. बँकेने दिली नाही तर आपल्या आठवणीतून आणि झेरॉक्सवरून यादी करा, ती अर्जाला जोडा आणि त्यावर आवक शिक्का घ्या.

कोल्हापुरातल्या फ्लॅटच्या यादीत सहसा हे असतं: मूळ नोंदणीकृत करारनामा आणि खरेदीपत्र, नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश उतारा), अपार्टमेंट कायद्याखालच्या घोषणापत्राची प्रत, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र, बिनशेती आदेश किंवा गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला. सोसायटी असेल तर भाग दाखला. जुनं घर किंवा प्लॉट असेल तर आधीच्या मालकांपासूनचे साखळी दस्त. शिवाय सह्या केलेले कोरे धनादेश आणि बँकेच्या नावे असाइन केलेली विमा पॉलिसी. साखळी दस्त सगळ्यात जास्त गहाळ होतात, कारण त्यांची पाकिटं वेगळी असतात आणि यादीत ‘जुने दस्त, एक संच’ एवढंच लिहिलेलं असतं. यादीत प्रत्येक दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि पानांची संख्या हवी.

दोन, फोरक्लोजर पत्र. त्यात कुठल्या तारखेपर्यंत किती रक्कम भरायची आणि पुढे दर दिवशी किती व्याज वाढेल ते असतं. पैसे त्या तारखेच्या आतच भरा. दोन दिवस उशीर झाला की शे-दोनशे रुपये व्याज उरतं, खातं प्रणालीत उघडं राहतं आणि ३० दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. तपासणी शुल्क किंवा विम्याच्या हप्त्याची खात्यावर नावे टाकलेली किरकोळ रक्कमही असाच घोटाळा करते. फ्लोटिंग व्याजदराच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे पत्रात तो दिसला तर भरण्याआधी हरकत घ्या.

फेडीच्या दिवशी

रक्कम भरल्याची पावती आणि शून्य बाकी दाखवणारा खातेउतारा त्याच दिवशी घ्या. आवर्ती वजावटीचा आदेश बंद करायला सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला जातो आणि परताव्याचं आणखी एक प्रकरण उभं राहतं. ‘येणेबाकी नाही’ असा दाखला मागा. तो नंतर मिळाला तरी त्यावर कर्ज बंद झाल्याची तारीख असली पाहिजे. पत्राची तारीख वेगळी आणि खातं बंद झाल्याची तारीख वेगळी असते. दिवस मोजायचे ते खातं बंद झाल्यापासून.

आणि त्याच दिवशी खालच्यासारखा अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज शाखेच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याची नोंद जपून ठेवा.

“प्रति, शाखा व्यवस्थापक, … बँक, … शाखा, कोल्हापूर.
विषय: कर्ज खाते क्र. … ची पूर्ण फेड झाल्याने मूळ दस्त परत मिळणे व बोजा कमी करणेबाबत.
महोदय, वरील कर्जाची संपूर्ण रक्कम मी दि. … रोजी भरली असून खात्यावर बाकी नाही. रिझर्व्ह बँकेच्या दि. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार सोबतच्या यादीतील सर्व मूळ दस्त ३० दिवसांत, म्हणजे दि. … पर्यंत, मला … शाखेत परत द्यावेत. तसेच सिटी सर्व्हे नं. (सि.स.नं.) / गट नं. … या मिळकतीवरील बोजा कमी करण्याचे पत्र द्यावे आणि सेरसाईमधील तारण नोंद बंद करून त्याचा पुरावा द्यावा. दस्त घेण्यासाठी मी व सहकर्जदार आपण कळवाल त्या दिवशी हजर राहू. माझ्याकडून काही पूर्तता बाकी असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. विलंब झाल्यास परिपत्रकातील प्रतिदिन ५,००० रुपये भरपाईचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.”

यातली ‘सात दिवसांत लेखी कळवावे’ ही ओळ सोडू नका. बँकेने त्याला उत्तर दिलं नाही, आणि महिन्याने ‘अमुक सही हवी होती’ म्हणाली, तर तो उशीर कुणाचा हे पुढे कुणालाही दिसतं. शाखेचं नावही मुद्दाम घाला. जिथे कर्ज खातं होतं ती शाखा, किंवा जिथे कागद ठेवलेले आहेत ते दुसरं कार्यालय, यातलं कुठून घ्यायचं ते कर्जदाराने ठरवायचं असतं. कागद पुण्या-मुंबईच्या मध्यवर्ती गोदामात असले तरी ते कोल्हापूरच्या शाखेत मागवून घेणं बँकेचं काम आहे. तुम्ही रेल्वेचं तिकीट काढायची गरज नाही.

बँका देतात ती कारणं

‘फाइल सेंट्रल प्रोसेसिंग सेंटरला आहे’: आतली व्यवस्था, मुदत त्याने वाढत नाही. मागणीपत्र कधी गेलं ते लेखी विचारा. सरकारी बँक असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून आपल्याच फाइलच्या हालचालीची तारीख मागता येते. त्या एका तारखेवरून पुष्कळ गोष्टी उघड होतात. खासगी बँकेला हा कायदा लागू नाही.

‘आमची बँक विलीन झाली, जुनं रेकॉर्ड सापडत नाही’: २०१९ आणि २०२० मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकत्र झाल्या. देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी एचडीएफसी बँकेत आली. कर्ज वसूल करण्याचा हक्क नव्या बँकेकडे आला तशी कागद सांभाळण्याची जबाबदारीही आली. अर्जात जुना आणि नवा, दोन्ही खाते क्रमांक लिहा. नुसत्या नव्या क्रमांकाने पाकीट शोधलं तर ते सापडत नाही, कारण पाकिटावर जुनाच क्रमांक असतो.

‘तुम्ही दुसऱ्या कर्जाला जामीन आहात’ किंवा ‘तुमचं दुसरं कर्ज चालू आहे’: इथे घाई करू नका, आधी करार वाचा. एक तारण दुसऱ्या कर्जालाही चालेल असं कलम त्यात असेल तर बँकेच्या म्हणण्यात दम आहे. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ६१ तुमच्या बाजूचं आहे: एकाच बँकेकडे दोन वेगळी गहाणं असतील आणि उलट करार नसेल, तर एक फेडून तेवढंच सोडवता येतं. कुठल्या कलमाखाली कागद अडवले आहेत ते बँकेला लेखी सांगायला लावा. तेवढं विचारलं तरी काही वेळा कागद सुटतात.

‘पुरात भिजले’: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शहराच्या सखल भागात पाणी शिरलं होतं, त्यामुळे हे कारण खरंही असू शकतं. पण भिजलेले कागद म्हणजे नियमाच्या भाषेत खराब झालेले कागद, आणि त्यांची जबाबदारी बँकेवरच आहे. तोंडी न घेता लेखी घ्या.

कागद हातात घेताना

सगळे कर्जदार, सहकर्जदार आणि ज्यांच्या नावे मिळकत आहे ते हजर राहा. एखादा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी बँकेला दाखवून मान्य करून घ्या, ऐनवेळी नको.

टेबलावर पाकीट आलं की आधी सही करू नका. यादी समोर ठेवून एकेक दस्त तपासा. नोंदणीकृत दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो, त्यात दस्त क्रमांक, वर्ष आणि ‘हे पान / एकूण पानं’ असे आकडे असतात. त्या आकड्यांवरून पानं मोजा. शेवटची गोषवाऱ्याची पानं, जिथे फोटो आणि अंगठे असतात, ती आहेत ना बघा. मूळ दस्ताच्या जागी रंगीत झेरॉक्स ठेवलेली नाही ना, हे शाईच्या सह्या बघून ओळखता येतं. काही कमी असेल तर पोचपावतीवर ‘अमुक दस्त, इतकी पानं मिळाली नाहीत’ असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा. ‘सर्व दस्त मिळाले, तक्रार नाही’ अशी छापील ओळ असेल तर ती खोडा. या ओळीखाली सही करून नंतर भांडणारा हमखास हरतो. धनादेश आणि विमा पॉलिसीही याच वेळी परत घ्या.

कागद हरवले असतील तर

बँकेने हरवल्याचं कबूल केलं की तिला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६०. त्या काळात नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवायला मदत करणं आणि त्याचा सगळा खर्च सोसणं बँकेवर बंधनकारक आहे. ६० दिवसांनंतर ५,००० रुपये रोज सुरू होतात.

हिशोब असा करायचा. समजा खातं १० जून २०२५ ला बंद झालं. ३० दिवस १० जुलैला संपले. कागद ४ ऑगस्टला मिळाले तर उशीर २५ दिवसांचा, भरपाई १,२५,००० रुपये. हेच कागद हरवल्याचं प्रकरण असेल तर मोजणी ९ ऑगस्टनंतर सुरू होईल. काही शाखा कागद सापडत नसताना ‘हरवले’ असं लिहून देत नाहीत, नुसतं ‘शोध सुरू आहे’ म्हणत राहतात. तसं असेल तर वाढीव ३० दिवस धरायचे नाहीत, ३१ व्या दिवसापासूनच मोजा.

हरवल्यावर बँकेकडून या गोष्टी करून घ्या. पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार बँकेने, बँकेच्या नावाने द्यायची. ताबा तिच्याकडे होता, तुम्ही तक्रारदार होऊ नका. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत देऊन, तीही बँकेच्या खर्चाने. ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला तिथून प्रमाणित प्रत; शहरातल्या आणि करवीर तालुक्यातल्या दस्तांसाठी करवीरची एकाहून अधिक कार्यालयं आहेत, तेव्हा इंडेक्स टू वरचा कार्यालयाचा क्रमांक बघूनच जा. आणि बँकेच्या लेटरहेडवर, जमल्यास प्रतिज्ञापत्रावर, असं निवेदन की हे मूळ दस्त बँकेच्या ताब्यात असताना गहाळ झाले, मिळकतीवर बँकेचा कुठलाही हक्क उरलेला नाही आणि पुढे कुणी त्या दस्तांच्या आधारे दावा केल्यास बँक नुकसान भरून देईल.

हे शेवटचं निवेदन भरपाईच्या रकमेपेक्षा मोलाचं आहे. उद्या घर विकायला काढलं की घेणाऱ्याची बँक मूळ दस्त मागते, आणि ते नसले तर एक तर कर्ज नाकारते किंवा घेणारा भाव पाडतो. ग्राहक आयोगही हे नुकसान मानतात. बंगळुरूच्या एका कर्जदाराचे मूळ दस्त बँकेने हरवले, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये २५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला होता. दिवसाच्या ५,००० रुपयांनी तुमचे बाकीचे हक्क संपत नाहीत, हे परिपत्रकातच लिहिलेलं आहे.

तक्रार कुठल्या क्रमाने

३१ व्या दिवशी शाखेला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच वेळी लेखी तक्रार द्या, भरपाईची मागणी आकड्यासकट करा. बँक आपणहून रक्कम जमा करील या भरवशावर राहू नका. तक्रारीचा क्रमांक घ्या. उशिराचं कारण कर्जदाराला कळवणं बँकेला सक्तीचं आहे, तेव्हा तेही मागा.

तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करता येते, शुल्क नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार स्वतःच्या नावाने करा, वकिलामार्फत केलेली घेत नाहीत. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर ती परत येते, आणि याच कारणाने खूप तक्रारी बाद होतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्या आहेत. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र इथे न करता राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करायची.

तक्रारीत भावना कमी, तारखा जास्त. खातं बंद झाल्याची तारीख, अर्जाची तारीख, ३० वा दिवस, आजपर्यंतचे उशिराचे दिवस, मागणीची रक्कम, एवढं पहिल्या पाच ओळींत आलं पाहिजे. जोडपत्रं: शून्य बाकीचा उतारा, शिक्क्याचा अर्ज, दस्तांची यादी, बँकेची उत्तरं.

लोकपालाकडून काम झालं नाही तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. बँकेचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे, आणि ती मागितलेल्या भरपाईवर न मोजता सेवेपोटी दिलेल्या मोबदल्यावर मोजतात. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोन्हीकडे एकदम तक्रार करू नका, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात घालत नाही. १ डिसेंबर २०२३ पूर्वीच अडकलेल्या कागदांसाठी ५,००० रुपयांचा दर लागत नाही, पण सेवेतली त्रुटी म्हणून आयोगात दाद मागता येते. मुदतीचा मुद्दा मात्र आधी वकिलाला विचारा.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून ‘सरळ रिटच टाका’, म्हणजे थेट उच्च न्यायालयात याचिका करा, हा सल्ला सहज मिळतो. कागद परत मिळवण्याच्या साध्या प्रकरणात ती पहिली पायरी नव्हे. आधीचे उपाय का वापरले नाहीत, हा पहिला प्रश्न तिथे येईल.

पतसंस्थेने कागद अडवले असतील तर आधी अध्यक्ष आणि सचिवांना लेखी, मग तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे आणि जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार, आणि सभासद व संस्था यांच्यातला वाद म्हणून कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा, अशी वाट आहे.

बोजा उतरवणं

कागद मिळाले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. कुठे जायचं ते मिळकत कुठे आहे त्यावर ठरतं.

शहरातल्या ए ते ई वॉर्डांतली सिटी सर्व्हेची मिळकत असेल तर नगर भूमापन कार्यालय. बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र, येणेबाकी नसल्याचा दाखला आणि ओळखपत्र जोडून अर्ज करा. पत्रात सि.स.नं., वॉर्ड, मूळ बोजाची रक्कम आणि शक्य तर नोंदीची तारीख बरोबर हवी. वॉर्डाचं अक्षर चुकलं तरी अर्ज परत येतो.

सात-बाराची जमीन किंवा बिनशेती प्लॉट असेल तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज होतो. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफार कुठे अडला ते ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर दिसतं. प्रमाणित झाल्यावर १५ रुपयांचा डिजिटल सहीचा सात-बारा काढून ‘इतर हक्क’ रकाना बघा. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा इकरार बोजा वेगळा असतो. बँकेच्या पत्राने तो जात नाही, त्याला सोसायटीचा दाखला लागतो.

पाचगाव, उचगाव, कळंबा अशा शहरालगतच्या गावांत गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. बँकेचं पत्र ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, आवक करून नोंद बदललेला उतारा घ्या. काही मिळकतींवर सात-बारा आणि नमुना ८ दोन्हीकडे बोजा चढलेला असतो, दोन्हीकडून उतरवा.

कर्ज घेताना नोंदणीकृत गहाणखत झालं असेल, जे सहकारी बँकांत बरंच चालतं, तर नुसतं पत्र पुरत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याच्या सहीचा गहाणमुक्तीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्याचा मुद्रांक आणि नोंदणी खर्च सहसा कर्जदारावर येतो. अधिकारी नोंदणीला येण्याची तारीख आधी लेखी ठरवून घ्या.

सेरसाईचं काम बँकेचं. ते झालं का हे त्यांच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून मिळकतीच्या तपशिलावरून शोधता येतं. तिथे तारण चालू दिसत असेल तर घेणाऱ्याच्या बँकेलाही तेच दिसणार. सिबिलच्या अहवालातही खातं ‘बंद’ दिसतं का ते महिना-दीड महिन्याने बघा. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलं) लिहिलं असेल आणि तुम्ही पूर्ण रक्कम भरली असेल तर दुरुस्ती मागा.

कर्जदार हयात नसेल तर

वारसांना कागद कसे परत द्यायचे याची ठरलेली पद्धत प्रत्येक बँकेकडे असणं आणि ती संकेतस्थळावर टाकलेली असणं बंधनकारक आहे. ती छापून घ्या आणि तीत नाही तो कागद मागितला तर कारण लेखी विचारा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची ओळखपत्रं आणि एकाच्या हाती कागद द्यायला बाकीच्यांची संमती एवढं आधीच तयार ठेवा. वारसांत वाद असेल तर बँक वारस प्रमाणपत्र मागणार, आणि तिथे तिचं चुकत नाही. ते दिवाणी न्यायालयातून मिळतं, वेळ लागतो. म्हणून कर्ज फेडण्याआधीच त्याचा अर्ज करून ठेवला तर ३० दिवसांच्या मोजणीत तो वेळ तुमच्यामुळे झालेला उशीर म्हणून धरला जाणार नाही.